जावईबापूंचा गळा

एका माणसाचा गळा मी मिरच्या भाजून घालवला.

चौथी शिकलेली बाई आहे मी. नातीने फोनमध्ये मराठी कीबोर्ड टाकून दिलाय, तर म्हटलं आज लिहूनच टाकू. चुका पोटात घाला.

आज जावईबापूंना जाऊन बरीच वर्षं झाली.

जावईबापू म्हणजे माझे नव्हेत. सुनंदाताईंचे मिस्टर. मी त्यांच्या माहेरी, आईकडे पोळीभाजीला होते. ताई आपल्या नाशिकच्याच, नर्स होऊन तिकडे वेल्सला गेल्या आणि तिथलाच नवरा केला. नाव इद्रिस. गल्लीतल्या शेखभाईंना आधी वाटलं, आपल्यातलेच. पण हे चर्चवाले निघाले. मग गल्लीने विषयच मिटवला. सगळ्यांचे जावईबापू.

वडील कोळशाच्या खाणीत. हे चर्चमध्ये गायचे, कुणीतरी ऐकलं, शिकायला पाठवलं. मग मोठमोठ्या थिएटरात ऑपेरा. म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त बोलणं कमी आणि मरणं जास्त.

ह्यांच्याकडे कायम हिरोचं काम. पुरुषाचा सगळ्यात उंच आवाज असतो ना, त्याला टेनर म्हणतात. समोर हजार-दोन हजार माणसं आणि माइक नाही. बघा आता.

ताईंनी मला एकदा टेप ऐकवली, ते बाहेर गेले असताना. आधी मला हसूच आलं. निफाडला माझे सासरे मळ्यातून हाक मारायचे, तसं वाटलं.

मग तो आवाज वर गेला. आणखी वर गेला. आणि तिथेच थांबला.

माझ्या हाताला लागलेली कणीक वाळून गेली.

"काय म्हणतायत हो ताई?"

"बायको मेलीय त्यांची."

"अहो, तुम्ही तर इथे बसलाय."

"नाटकातली गं, मंदा."

तर ह्या माणसाच्या गळ्यात गाठ आली. तिकडेच ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. एका थिएटरने पावसाळ्यानंतरचं एक काम त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं. ते जमलं तर पुन्हा सगळं सुरू. नाही जमलं तर संपलं.

म्हणून ताई त्यांना माहेरी घेऊन आल्या. इथली हवा कोरडी. अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा.

एवढा सहा फुटी गोरा माणूस, गळ्यात लहान पोरांची पाटी अडकवून फिरायचा. मी बोलायचे, ते ऐकायचे. माझ्या घरच्यांनी कधी ऐकलं नाही एवढं त्यांनी ऐकलं.

ताईंनी बजावलेलं, "मंदा, घरात मिरचीची फोडणी नको." मी सगळं उकडून घालत होते. बिचारे खायचे.

पण एप्रिल आला, वर्षाचा काळा मसाला करायचा. माझ्या एका खोलीत कुठे चूल पेटवणार? दरवर्षी ताईंच्या आईच्या मागच्या अंगणातच भाजायचे. त्या वर्षी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर ताई नाही म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलं नाही.

ताई आईला घेऊन बँकेत गेलेल्या. जावईबापू रोज सकाळी दोन तास फिरायला जायचे. आणि मी लय हुशारी केली. धूर घरात जायला नको म्हणून सगळ्या खिडक्या लावल्या, पुढच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला.

त्या दिवशी ऊन फार. ते अर्ध्या तासात परत आले.

पुढे कुलूप.

म्हणून मागून आले. सरळ धुरात.

त्यांनी खोकला धरून ठेवला हो. तोंडावर दोन्ही हात, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. मी कढई ढकलली, पाणी ओतलं, त्याने धूर आणखीच झाला.

मग सुटला तो खोकला. थांबेचना. रुमालावर थोडं रक्त.

शांत झाल्यावर त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली, मला दाखवलं. इंग्रजी. मला काय कळणार? मान हलवली. पाटी जपून ओट्यावर ठेवली, आणि ताई आल्या आल्या त्यांच्या हातात दिली.

ताईंनी वाचलं आणि अंगणातल्या कढईकडे बघितलं.

"काय लिहिलंय हो?"

"सुनंदाला सांगू नका."

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, आतली जखम उघडलीय. खोकल्याने असेल. नाहीतर मुळात भरतच नसेल. नक्की सांगता येत नाही.

ताईंनी मला येऊ नको म्हणून सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं.

आठव्या दिवशी जावईबापू माझ्या दारात. हातात त्यांच्या घरी राहिलेलं माझं लाटणं. मला दाखवलं आणि लाटणं घेऊन परत चालायला लागले. मी मागे. काय करणार, लाटणं त्यांच्याकडे.

थिएटरमधलं ते काम दुसऱ्याने केलं. चांगलं केलं म्हणे. नंतर तिकडून फोन यायचे बंद झाले.

आवाज आला, पण बोलण्यापुरता, फाटका. परत गेलेच नाहीत. पुढची दहा-अकरा वर्षं इथेच. चार-दोन मुलांना पियानो शिकवायचे. रविवारी चर्चमध्ये सगळे गायचे आणि हे पुस्तक उघडून, तोंड मिटून उभे.

मला वाटायचं, एकदा तरी गुणगुणतील. आंघोळ करताना तरी. बाथरूमबाहेर कान लावून उभी राहिलेय मी, खोटं कशाला बोलू.

नुसतं पाणी.

शेवटच्या आजारात मी त्यांना खिमट भरवत होते. एक दिवस विचारलंच.

"जावईबापू, खरं सांगा. माझ्यामुळे गेला का आवाज?"

वाटलं, नाही म्हणतील. एवढा चांगला माणूस, नाही म्हणायला काय लागतं?

त्यांनी चमचा बाजूला सारला. मराठी छान यायला लागलं होतं तोवर.

"मंदाबाई, मीपण रोज तोच विचार करतो. माहीत नाही."

आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

मी भरवला.

जावईबापू, तुमच्या मंदाबाईचा नमस्कार घ्या.