गुरुवारचं मौन

युवराज राहायचा काटेवाडीत, पण बारामतीच्या स्टँडवरून निघताना तिकीट सणसरचं काढायचा. 'का' त्याच्या घशात असा रुतायचा की कंडक्टर पुढच्या सीटवर निघून जायचा. 'स' मात्र सुळकन निसटायचा. वर काटेवाडीला उतरताना कंडक्टर ओरडायचाच, "ओ पावणं, सणसर लांब हाय अजून!" त्यावर नुसता हात हलवायचा आणि उतरायचं.

लोणी देवकरच्या एका कारखान्यात तो मशीनवर होता. मशीन त्याला आवडायचं, कारण ते काही विचारत नाही. माणसं विचारतात आणि उत्तराला थांबतही नाहीत. यानं 'पा...' म्हटलं की एक जण पाणी आणणार, दुसरा पाना. याला हवा असायचा गेटबाहेर जायचा पास. पण कोण परत पहिल्यापासून सुरू करणार? एकदा त्यानं लागोपाठ तीन ग्लास पाणी पिऊन टाकलं आणि पास न घेताच मशीनवर परत आला.

एकोणतीस सरलं तरी लग्न जमेना. शेवटी त्याचे चुलते जोतीरामतात्या यांनी डाळजचं स्थळ काढलं. मुलगी वृषाली, शिकलेली, तोंडानं सडेतोड. कारखान्याची सुट्टी गुरुवारी, म्हणून पाहायला गेले तेही गुरुवारी. पोहे झाले आणि वृषालीच्या आत्या सिंधुबाई पदर सावरून पुढं सरकल्या.

"आमच्या टायमाला पोरीला नाव विचारायचे. आता दिवस फिरल्यात. पोरानं सांगायचं. बोला, नाव काय तुमचं?"

युवराजनं तोंड उघडलं. स्वतःचं नाव तर त्याचं सगळ्यात जुनं दुखणं. ओठांचा चंबू झाला आणि तसाच राहिला. भिंतीवरचं घड्याळ बिनदिक्कत चालत होतं.

"त्याचं मौन असतं गुरुवारी," तात्या म्हणाले. "लई कडक. काय बी होऊ द्या, बोलत न्हाय."

सिंधुबाईंनी तिथल्या तिथं हात जोडले. "ह्या वयात! आमच्याकडची पोरं मोबाईल सोडत न्हाईत."

पुढच्या गुरुवारी ती मंडळी काटेवाडीला घर बघायला आली. गोठ्यात म्हशीनं युवराजच्या पायावर सगळा भार टाकला. त्याचे डोळे पांढरे झाले, पण आवाज नाही. सिंधुबाईंना अगदी भरून आलं. सुपारी फोडायचा दिवस तिथंच ठरला. तोही गुरुवारच.

पाहुण्यांची गाडी वळताच युवराज तात्यांना म्हणाला, "सां... सांगून टाका त्यास्नी."

"सांगू की लग्नानंतर. एकदा सुपारी फुटली की कोण माघारी जातंय?"

'ही फसवणूक हाय' असं साधं वाक्य युवराजनं जुळवलं. 'फ'वरून तो सुटला तोवर तात्यांची मोटारसायकल कॅनॉलच्या पुलावर पोचली होती. अशी कितीतरी तयार वाक्यं त्याच्या पोटात पडून होती. भांडणं तो रात्री अंथरुणात जिंकायचा.

वृषालीनं त्याचा नंबर मिळवला. मेसेजमध्ये युवराज तालुक्यातला फर्डा वक्ता. 'मी अडखळतो' हे त्यानं चारदा टाइप केलं, चारदा पुसलं. आयुष्यभर दुसरेच त्याच्या वतीनं बोलत आले. एवढी एक गोष्ट तरी आपल्या तोंडानं सांगायची होती. सोमवारी तिचा फोन आला. त्यानं कट केला. परत आला, परत कट. तिसऱ्यांदा कट केल्यावर मेसेज आला, 'आज सोमवार आहे ना?' यानं लिहिलं, 'मशीनवर आहे.' होता चहाच्या टपरीवर.

सुपारीच्या दिवशी डाळजला अंगणात सतरंज्या पडल्या. परातीत पान, पानावर सुपारी. गावातल्या एका जाणत्या आबांनी अडकित्ता उचलला.

"थ... थ... थांबा!"

सिंधुबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, मौन मोडलं की!"

"पोरगं खुशीत हाय," तात्या घाईनं म्हणाले.

"मौ... मौन न्हाय. मी अ... अ..."

"अडचण हाय का काय?"

"अजून वेळ पायजे का?"

"अंघोळ राहिलीय म्हणतोय," मागून कुणीतरी.

एकोणतीस वर्षांचं उकळलेलं एकदम वर आलं. युवराजनं परातीवर हात आपटला. सुपारी उडाली, सतरंजीवरून घरंगळत तात्यांच्या मांडीखाली गेली. 

"अ... अडखळतो मी. रोज. सो... सोमवारी बी."

दारातून वृषाली बाहेर आली. "म्हंजे फोन कट करत होता ते यामुळं?"

त्यानं मान हलवली.

"मान नका हलवू. तोंडानं सांगा."

"व्... व्हय."

"आन मी सोमवारपासून आरशात बघतीय, आपल्यातच काय खोट हाय म्हणून!" तिचा आवाज चिरकला. "एवढं सांगायला काय जात होतं?"

काय जात होतं हे सांगायला त्याला अर्धा तास लागला असता. 

"बरं. आत्यानं विचारलं होतं ते ऱ्हायलंय. नाव सांगा."

"यु..." युवराज अडकला. तात्यांचे ओठ आपसूक हलले. वृषालीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते मिटले. हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा. कपातल्या चहावर साय धरली. "यु... यु... युवराज."

"सुपारी आज न्हाय," वृषाली म्हणाली. "आधी मला ह्यांच्याशी बोलायचंय. रविवारी या. एकटेच. गुरुवारी लई माणसं मधी बोलत्यात."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये तात्यांनी पहिल्यांदाच खरंखुरं मौन पाळलं. भिगवण मागं पडल्यावर युवराजच्या ध्यानात आलं, रविवारी आपली ड्यूटी. आणि कारखान्यात सुट्टी मेसेजवर मिळत नाही. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून मागावी लागते, कारणासकट. आपण 'पो...' म्हणणार आणि पोरगीपर्यंत पोचायच्या आत साहेब विचारणार, 'पोटात दुखतंय का?'

या वेळी मान हलवायची नाही, एवढं त्यानं ठरवलं.