अण्णांच्या हातचे ओट्स

अण्णा स्वयंपाक नाकाने करत. कढईत ओट्स पडले की गॅस बारीक करायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे मिटायचे आणि कढईवर इतकं वाकायचं की बघणाऱ्याला वाटावं, नाक भाजलंच. मग मान वर करून म्हणायचे, "अजून स्वल्प." पुन्हा उलथनं, पुन्हा नाक. मनासारखा खमंग वास आला की मगच त्यात उकळतं पाणी पडायचं. नवी नवरी म्हणून बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या त्यांच्या घरात आले तेव्हा मी शहाणपणाने त्यांना पाकिटावर छापलेली मिनिटं वाचून दाखवली होती. अण्णा म्हणाले, "पाकिटवाल्याला आपली कढई ठाऊक आहे काय? नाकाला विचार की." मी गप्प बसले. पुण्याची असून गप्प बसले, यावरून काय ते समजा.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मूळचे बेळगावकडचे, तरुणपणी कारखान्यातल्या नोकरीसाठी बंगळूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात कन्नड आणि चिडले की दोन्ही एकदम. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणते. निवृत्त होईपर्यंत अण्णांनी स्वतःचा चहासुद्धा कधी केला नव्हता, असं अक्का सांगतात, आणि सांगताना त्यात तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त असतो.

मग अक्कांचं हृदय कुरकुरायला लागलं आणि डॉक्टरांनी सकाळी ओट्स खायला सांगितले. अक्कांनी घरी येऊन जाहीर केलं, "असलं घोड्याचं खाणं माझ्या हातून शिजायचं नाही." त्या एकदा नाही म्हणाल्या की विषय संपतो. अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे, मी करतो." स्वयंपाकघर अक्कांचं, तेव्हा नियमही अक्कांचे: आधी आंघोळ, मग धुतलेलं धोतर आणि देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत एक कण तोंडात घालायचा नाही. चाखलेलं ते उष्टं, आणि उष्टं देवाला चालत नाही. चव बघायचीच नाही म्हटल्यावर माणसाला नाकाशिवाय दुसरं काय उरतं? पहिले काही दिवस जे तयार झालं त्याला खीर म्हणावं की खळ, यावर घरात एकमत नव्हतं. पण अण्णा चिकट. थोड्या तुपावर भाजणं आलं, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आली, आलं, मिरची, गाजर, मटार आले, वरून लिंबू आलं. घोड्याचं खाणं हळूहळू माणसांत आलं.

हे ओट्स एकट्या अक्कांसाठी कधीच नव्हते. "तिला एकटीला वेगळं वाढलं तर ती आजारी होते," असं अण्णांचं म्हणणं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी तेच खायचं, एकत्र बसून खायचं आणि फोन उपडा ठेवून खायचं. मला इलेक्ट्रॉनिक सिटी गाठायची असे आणि कंपनीची बस कोणासाठी थांबत नाही, तरी अण्णांच्या पंगतीतून उठायची माझी छाती नव्हती. माझा नवरा महेश तोंड वाकडं करून चार घास खायचा आणि ऑफिसजवळच्या दर्शिनीत, उभ्याने खायच्या हॉटेलात, मसाला डोसा हाणायचा. संध्याकाळी तो चपला काढत असतानाच अण्णा पेपराआडून विचारायचे, "डोशातली भाजी चांगली होती काय रे?" महेश अजून म्हणतो की बापाने त्याच्यावर माणूस ठेवला होता. माणूस कसला, ते नाकच होतं.

ते नाक करोनात गेलं. ताप आला, गेला, सगळं घर त्यातून सुखरूप उठलं आणि आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. मग एका सकाळी धुराने मी स्वयंपाकघरात धावले, तर अण्णा नेहमीसारखे डोळे मिटून कढईवर वाकलेले आणि खाली ओट्स काळे पडलेले. "गॅस मोठा राहिला," ते म्हणाले. आम्ही खरवडून खाल्लं. पुढच्या आठवड्यात एकदा मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. पूर्वी वाफेवरून मीठ ओळखतो असं ते सांगत. त्यात खरं किती आणि सवयीचा हात किती, देव जाणे. पण नाकावरचा विश्वास उडाला तसा हातही चुकायला लागला. आम्ही मुकाट्याने गिळत होतो आणि ते आमच्या तोंडांकडे बघत होते.

एके दिवशी ते स्वयंपाकघरात आलेच नाहीत. बाहेर पायरीवर बसून राहिले. मी कॉफी घेऊन गेले तर म्हणाले, "मोहरी तडतडलेली ऐकू येते बघ, पण वास नाही. फुलाला नाही, कॉफीला नाही. कोणाला बोलू नको. उद्यापासून इडली मागवा कुठून तरी. माझं झालं." कारखाना सुटला तेव्हा हा माणूस इतका रिकामा दिसला नव्हता, असं महेश मला नंतर म्हणाला.

अक्कांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्या आंघोळ करून आल्या आणि अण्णांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "डॉक्टरांनी मला ओट्स सांगितलेत. मी काही करायची नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही करणार नसाल तर मी नुसत्या कॉफीवर राहते." अण्णा उठून धोतर बदलायला गेले.

त्या दिवसापासून अक्का भाजी निवडायला स्वयंपाकघरातच बसू लागल्या. ओट्स भाजत आले की घेवड्यावरून नजर न काढता म्हणायच्या, "पाणी ओता हो आता, भूक लागली." आणि नवल म्हणजे मीठही पुन्हा नेमकं पडायला लागलं. महेश तर खुललाच. "अण्णांचं नाक परत आलं," म्हणाला. अण्णा ऐटीत म्हणाले, "नाक नाही रे, हात बसलाय आता."

मीही ते खरं मानलं असतं. पण एकदा डबा घ्यायला आत गेले तर अक्का कढईचं झाकण उचलून उभ्या होत्या आणि चमचा त्यांच्या तोंडात होता. देवाला अजून नैवेद्य दाखवायचा होता. ज्या बाईने उभ्या जन्मात शिऱ्याची साखर कधी चाखून बघितली नाही, त्या बाईने शांतपणे चिमूटभर मीठ घातलं, लिंबू पिळलं, ढवळलं आणि झाकण ठेवलं. मला बघून त्या दचकल्या नाहीत. "देवाला मी सांगितलंय," म्हणाल्या. "ह्यांना तू सांगू नकोस." पण तो चमचा त्यांनी दोन-तीनदा घासून धुतला.

अण्णा त्या वेळी फाटकाशी जास्वंदीची फुलं काढायला गेलेले असत. पूर्वी ते फुलं स्वयंपाकाच्या आधी आणायचे. हल्ली ओट्सवर झाकण टाकून मग जात आणि परत येऊन स्वतः पूजा करून नैवेद्य दाखवत. एकदा उशीर होतोय म्हणून मी त्यांना बोलवायला गेले. परडी भरलेली होती आणि अण्णा फाटकाला टेकून रस्त्याकडे बघत उभे होते.

"अण्णा, झालं ना? चला की आत."

"थांब स्वल्प," ते म्हणाले. "आत तिचं चाललंय. होऊ दे."

मी परडी घ्यायला हात पुढे केला. ते म्हणाले, "मीठ मी कमीच घालतो. जास्त झालं तर ती बिचारी काय करणार? तिला वाटतं मला कळत नाही. वाटू दे. कळलं तर लाजेल ती." आणि परडीतली फुलं उगाच खालीवर करत आणखी थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मला तेव्हा त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं होतं, पण बसची वेळ झाली होती.

गेल्या वर्षी अण्णा गेले. फार हाल झाले नाहीत, झोपेतच गेले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे परतले आणि घर आपल्या वाटेला लागलं. फक्त अक्का सकाळचं काही खाईनात. कॉफी घ्यायच्या आणि उठून जायच्या. देवपूजा महेशवर सोपवली, देवघराकडे फिरकेनात. डॉक्टर रागावले, महेशने हात जोडले. दुःख आहे, ओसरेल, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

एका रविवारी मीच ओट्स केले. त्यांच्यापुढे वाटी ठेवली. त्यांनी ती दूर सारली. "मला नको ते," म्हणाल्या, आणि मग खाली बघत, "रोज देवाला उष्टं पोचवलं मी. ह्यांना फसवून ह्यांच्याच हातून दाखवलं. त्याचंच हे झालं बघ."

इतके महिने ही बाई हे उराशी धरून बसली होती आणि आम्ही त्याला दुःख म्हणत होतो. अण्णांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, पण मला वाटलं, आज ते असते तर त्यांनीच मला पुढे ढकललं असतं. मी सांगितलं. परडी भरलेली असायची, तरी ते फाटकाशी उभे राहायचे. मीठ मुद्दाम कमी घालायचे. तुम्ही लाजाल म्हणून बोलले नाहीत.

अक्कांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"माहीत होतं ह्यांना?"

"पहिल्यापासून."

"आणि मग स्वतःच्या हाताने नैवेद्य दाखवत होते?"

"हो."

त्या खुर्चीत जरा सैल झाल्या. पदराने तोंड पुसलं. "मग एव्हाना वर देवाला सगळं सांगून झालं असेल त्यांचं," असं म्हणून त्यांनी वाटी जवळ ओढली.