मलिद्याची परात आणि पप्पांचा कार्बोरेटर

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. मीटरचा काटा हलला तरच मानतो. असले गूढ अनुभव वाचून बायकोपाशी खूप खिदळलोय... आता माझाच लिहितो, तिलाही हसून घेऊ दे.

१९९७, इस्राएलमधलं किर्यात गात. आम्ही मुंबईहून इथे आलेले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. तिसऱ्या मजल्यावर आईचं घर, खाली पप्पांची साठ सालची ब्रिटिश गाडी. पप्पा आधी भायखळ्याला आणि मग इथेही मोटार मेकॅनिक. माझ्या धाकट्या बहिणीला, रिव्काला त्यांनी शब्द दिला होता – लग्नाच्या हॉलपर्यंत तुला याच गाडीतून नेईन. पण आधीच्या हिवाळ्यात ते गेले, आणि तो शब्द माझ्या गळ्यात पडला.

लग्न मंगळवारी. रविवार उजाडला तरी गाडी दहा मिनिटं चालायची, मग कार्बोरेटर उतू जायचा – पेट्रोलचा वास, काळा धूर, बंद! जेट साफ केले, नीडल नवी घातली... छे. रिव्का हिब्रूत म्हणाली, राहू दे, टॅक्सी करू. आणि आत जाऊन रडली.

मी कार्बोरेटर वर आणून खोलला, पार्ट बाल्कनीत पेपरावर मांडले आणि रिव्काला घेऊन तिचा ड्रेस आणायला गेलो. आई झोपली होती. दार बाहेरून लॉक केलं.

तासाभराने आलो तर आई स्वयंपाकघरात, रागाने लाल. ओट्यावर आजीची पितळी परात! एलियाहू हनाबीचा, आमच्या नबीचा नवस फेडताना गोड पोह्यांचा मलिदा आम्ही हिच्यातच कालवतो. पप्पा गेल्यापासून ती माळ्यावर बांधून ठेवलेली. आणि आता तिच्यात माझे पार्ट, ओळीने मांडलेले.

"दुसरं भांडं नाय मिळालं तुला? नबीच्या परातीत पेट्रोल?"

मी शपथा घेतल्या. ऐकतंय कोण! आईचे गुडघे असे, की ती स्टुलावरही चढू शकत नाही – मग माझ्याशिवाय कोण? बाटलेलं भांडं कोशेर, म्हणजे पुन्हा शुद्ध करायला तिने उकळती किटली परातीत रिकामी केली. मी पार्ट वाचवायला धावलो... आणि थबकलो. पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ पितळी फ्लोटच्या जोडातून बारीक बुडबुडे निघत होते. फ्लोटला भोक! आत पेट्रोल शिरून तो जड व्हायचा, तरंगायचाच नाही, म्हणून पेट्रोल थांबत नव्हतं. चार वेळा हातात घेऊनही मला दिसलं नव्हतं.

आतलं पेट्रोल निघून बुडबुडे संपेपर्यंत गरम पाणी ओतत राहिलो. मग सोल्डर – ते तर माझं रोजचं काम. संध्याकाळी गाडी पार नेतिवोत गावाला जाऊन आली, एकदाही खोकली नाही. मंगळवारी रिव्का हॉलसमोर त्याच गाडीतून उतरली. 'भंगारात घाल' म्हणणारा शेजारी 'कोल हाकावोद', शाब्बास, करत टाळ्या वाजवत होता. मी तर हॉर्नवरचा हात काढेचना!

पुढच्या आठवड्यात त्याच परातीत मलिदा केला. मी पुन्हा म्हणालो, आई, मी नव्हती काढली. या वेळी ती भांडली नाही.

"तुझे पप्पा भायखळ्याला असेच पार्ट मांडायचे. याच परातीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी अशीच किटली ओतली होती."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"आमचं भांडण ते. पोरांना काय सांगायचं?"

परात कोणी काढली, मला आजही माहीत नाही. मीटर लावणार तरी कशाला? ती परत माळ्यावर मात्र ठेवली नाही. खालीच असते, हाताशी... लागली तर.