केवळराममामा आणि पंधरा प्रवेशांची अट

केवळराममामा चौथीपर्यंत शिकले. तीही धड नाही, हे ते स्वतःच सांगतात. पण पाण्याकडे नुसतं पाहून मासा कुठं बसलाय हे सांगणारा दुसरा माणूस सिहोऱ्याच्या पट्ट्यात असेल तर मला दाखवा. पदव्यांची भेंडोळी मिरवणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या हातात जिवंत मरळ देऊन बघा एकदा.

बपेऱ्याकडे ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, तलाव आहे. तिथं चाळीस वर्षं महाजाळाचा पहिला दोर मामांच्या हातात होता. पहिला दोर ज्याचा, शब्द त्याचा. आणि मामांचा शब्द एकच: जाळं पाण्यात असेपर्यंत कोणी जायचं नाही. एक हात सुटला की जाळ्याची कड उचलते आणि मासा खालून निघून जातो. जो गेला, त्याच्या घराचा वाटा गेला. मग तो कोणाचाही कोण असो.

विद्यापीठ दूरच्या शहरात सुरू झालं तेव्हा ते आमचं नव्हतंच. पुढं वाढलं. एका जिल्ह्यात भातावरचा अभ्यास, दुसऱ्यात जंगलावरचा, तिसऱ्यात कोशाच्या रेशमी कापडाचा. असे पाच परिसर झाले. सहावा सिहोऱ्याला, धानाच्या जुन्या गोदामाला रंग देऊन. तिथं मत्स्यव्यवसायाची दोन वर्षांची पदविका मिळावी म्हणून आम्ही तीन उन्हाळे तहसीलसमोर बसलो. कोणी ताटात वाढून दिलेली नाही. दिली तीही अट घालून: पंधरा प्रवेश पक्के झाले नाहीत तर पदविका मुख्य परिसरात जाणार. मुख्य परिसर रेल्वेनं एक दिवस लांब. तिथं पोरी कोण धाडतो?

मामांच्या नातीनं, ममतानं, अर्ज भरला. गावातून असे आठ अर्ज गेले. गावाला वाटलं, झालं काम. कागद दाखवायची शेवटची तारीख आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण जाळ्याच्या दिवशी व्यापारी थांबतो, बर्फाची गाडी थांबते, तशी विद्यापीठाची खिडकीही थांबेल असा हिशेब. इथं चुकलं. मृग तोंडावर आला होता, पाणी चढलं की जाळं ओढणं संपलं. मामांनी तोच दिवस धरला.

दुपारी बाराला स्वाती मॅडम स्कूटीवरून तलावाच्या पाळीवर, बांधावर, आल्या. भंडाऱ्याच्या विणकर घरातल्या, परिसरात कंत्राटावर शिकवतात. फोन करकरून दमल्या होत्या. फोन सगळे घरी, माणसं पाण्यात.

"मामाजी, नऊच आले, सहा कमी पडतात. तुमचे आठही येऊ द्या. पाच वाजता यादी बंद."

मामा छातीभर पाण्यात. "बाई, जाळं पाण्यात हाय."

"मले दिसून राहिलं. म्हणून तं आली."

"उद्या येतीन ना पोट्टे. एका दिवसानं तुमचं विद्यापीठ बुडते का?"

"विद्यापीठ नाही बुडत, मामाजी. पदविका बुडते."

पाळीवर मासे निवडणारी शकुनबाई ओरडली, "मॅडम, तुमच्या सायेबाले आणा इथं, दोर धराले! तुमची बी नोकरी कच्चीच हाय, तुमीच उतरा!"

"उतरतो ना, काकू. पोहणं शिकवजा पहिले," मॅडम म्हणाल्या. दोघीचौघी हसल्या. मामा हसले नाहीत.

आठांतले सहा दोरावर होते. ममता आणि आणखी एक पोरगी मासे निवडायला पाळीवर. ममता उभी राहिली, पण पाऊल उचललं नाही.

दोराच्या दुसऱ्या टोकाला तिचा बाप, मामांचा मुलगा लिलाधर. बावीस वर्षांपूर्वी त्याची रेल्वेची परीक्षा नागपूरला होती, अशाच जाळ्याच्या दिवशी. त्यानं विचारलं, मामा नाही म्हणाले. तेव्हापासून तो दोर ओढतोय. त्यावर बापलेकांत कधी शब्द नाही.

तो आता बोलला, हळूच. "बावा, तवा मी एकडाव इचारलं. पुन्हा नाई इचारलं. आज पोरीसाठी इचारून राहिलो."

मामा पाण्याकडेच पाहत होते. मासा जाळ्यात आला होता, दोराला धक्के बसत होते.

"जा," मामा म्हणाले. "आठही जा. सोडा दोर."

"अन् नियम?" गोमाजीनं विचारलं. मामांच्या मागं दुसरा दोर त्याचा.

"नियम हाय तसाच हाय. आठ घरायचा वाटा गेला. त्यात माहं बी घर आलं. अन् ज्यानं दोर सोडाले लावला, त्यानं पहिला दोर धरू नाई. घे, गोमाजी."

आणि भर पाण्यात त्यांनी दोर त्याच्या हातात दिला.

बाया लुगडी खोचून उतरल्या. तरी कड उचललीच. रोहू-कतला डोळ्यांदेखत निघून गेले. निम्मंही हाती लागलं नाही.

पोरं ओल्या कपड्यांनीच सिहोऱ्याला पोचली. खिडकीतला बाबू म्हणतो, "कागद ओले करू नका." वर हे! सतरा प्रवेश झाले. पदविका राहिली. विद्यापीठाच्या रंगीत पुस्तकात आता सहाव्या परिसराचं पान आहे, तलावाचा फोटोही आहे. मामांचं नाव नाही. मी भांडून पाहिलं.

गावानं मात्र पुस्तक वाचलं नाही, वाटा गेला ते पाहिलं. आठांपैकी एका घरची सुंदरबाई अजून मामांशी बोलत नाही. नातवाचा प्रवेश झाला तरी नाही. मामा म्हणतात, तिचं बरोबर हाय.

हिवाळ्यात पदविकेचा वर्ग त्याच तलावावर आला. ममता गुडघाभर पाण्यात. स्वाती मॅडमनी मामांना विनवलं, पोरांना पहिला दोर धरून दाखवा, एकदाच, शिकवण्यापुरतं. लिलाधरही म्हणाला, "बावा, धरा ना. कोण काय म्हणते?"

मामा पाळीवरच बसून राहिले. बोटानं दाखवलं, मासा कुठं बसलाय, जाळं कोणत्या अंगानं टाकायचं. मग नातीला म्हणाले, "दोर गोमाजीले माग."