भिवराबाई आगाऊ घेत नसत

परळीला देवळामागच्या बोळात आमचा बावीस खोल्यांचा लॉज आहे. आमचा म्हणजे मालकाचा; मी संगमेश, सगळे अप्पा म्हणतात; एकोणीस वर्षं काउंटरवर बसतो. कुठला पाहुणा जाताना बक्षीस देणार आणि कुठला नाही, हे मी त्याच्या बॅगा जिन्यावर असतानाच सांगतो. आल्याआल्या दोनदा गरम पाण्याची वेळ विचारणारा दमडी देत नाही. जोडीनं अभिषेकाला आलेले देतात, पण नवऱ्याच्या हातून. बायको मागून "एवढे कशाला" म्हणते. मी स्वतः प्रवासात कुणालाच काही देत नसे. हॉटेलवाला पगार देतो, विषय संपला, असं माझं मत होतं आणि त्याचा मला काही त्रास नव्हता.

भिवराबाई खोल्या झाडायला आल्या तेव्हा पन्नाशीच्या होत्या. दिंद्रुडकडच्या. अठरा हंगाम ऊस तोडला आणि कंबर गेली तेव्हा कोयता ठेवला. काम असं की खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं तरी थर्मल वीजकेंद्राची राख लागायची नाही. परळीत हे किती अवघड आहे ते परळीकरालाच विचारा. मला त्यांच्याबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. ती मिळाली बक्षिसावरून.

पुण्याचं एक कुटुंब तीन दिवस राहून निघालं होतं. त्यातल्या बाईंनी भिवराबाईंच्या हातावर शंभराची नोट ठेवली.

"हे कशाचे हो ताई?"

"तुम्ही आमचं एवढं केलंत, म्हणून."

"केल्याचा पगार अप्पा देतेत की." भिवराबाईंनी नोट परत पुढं केली. "मंग हे फुडच्या कामाचे आसतील. तुमी परत कवा येताव ते ठावं न्हाई. मी न्हाई घेत."

बाईंना वाटलं, शंभर कमी पडले. त्यांनी दोनशे काढले. भिवराबाई एक पाऊल मागं सरल्या. बाईंनी पाचशेची नोट काढली तशा त्या झाडू तिथंच टाकून जिना चढून वर गेल्या. बाईंचा चेहरा उतरला. बाहेर नवरा हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि मध्ये मी उगाच हसत उभा.

गाडी गेल्यावर मी वर जाऊन आवाज चढवला. "लोकांना मागून मिळंना, आन तुमी देणाऱ्याला पळवून लावता? कावून?"

गादी झटकणं न थांबवता त्या म्हणाल्या, "अप्पा, कामाच्या वर पैसा मला जलमात एकट्या मुकादमानं दिला. उचल म्हनून. आदी पैसा, मंग काम."

मग त्यांनी सांगितलं. एका साली त्यांचे यजमान शहादेव ऐन हंगामात आजारी पडले आणि उचल फिटली नाही. हंगाम संपून कारखाना बंद झाला, टोळी गावाकडं परतली, पण या दोघांना मुकादमानं आणखी वीस दिवस तिकडंच वीटभट्टीवर ठेवून घेतलं. त्या वीस दिवसांत इकडं भिवराबाईंची आई गेली.

"त्वांड बघाय भेटलं न्हाई. तवाच ठरवलं, फुडच्या कामाचा पैसा हातात धरायचा न्हाई. कुनाचाबी."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी मॅनेजर. पाहुणा तोंड पाडून गेलेला मला चालत नाही. दुसऱ्या दिवशी मी तोडगा काढला. "नोट मिळाली की तिथल्या तिथं काहीतरी काम करून टाकायचं. म्हणजे मागं काही राहात न्हाई."

हे त्यांना पटलं. तेव्हापासून कुणी काही दिलं की त्या नोट माझ्यासमोर पेपरवेटखाली ठेवायच्या, ओलं फडकं घेऊन बाहेर जायच्या आणि गाडीच्या काचेवरची राख पुसून यायच्या. आल्यावर "फिटलं" म्हणून नोट उचलायच्या. दहा रुपये असोत की पाचशे, काच सारखीच लख्ख. एखादा पाहुणा खूश होऊन काच पुसल्याचे आणखी वीस द्यायचा, की यांनी पुन्हा फडकं पिळून मागची काच धरलीच. एसटीनं आलेल्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून द्यायच्या. मी सुरुवातीला हसायचो, नंतर सवय झाली.

सात वर्षं असं चाललं. त्या पैशावर त्यांची लेक दीपमाला नर्स झाली असं लिहायला छान वाटलं असतं, पण परळीत एवढं बक्षीस कुणी देत नाही. तिची पुस्तकं मात्र त्यातून झाली. यंदा ती केजला दवाखान्यात लागली आणि तिनं आईला कायमचं बोलावून घेतलं.

निघायच्या दिवशी माझ्या खिशात पाचशेची नोट होती. सकाळपासून चार वेळा चाचपली. पण ती पुढं केली असती तर या बाईनं सगळा लॉज पुन्हा झाडायला घेतला असता आणि केजची जीप चुकली असती. म्हणून मी त्यांना पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि काउंटरमागच्या गॅसवर स्वतः चहा केला. सात वर्षांत भिवराबाई त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसल्या.

चहा संपवून त्यांनी पदराची गाठ सोडली आणि वीसची नोट माझ्यासमोर ठेवली.

"हे कशाचे?"

"च्या लई चांगला केला, अप्पा."

"अहो, मला कशाला? मला पगार हाय."

त्यांनी हसत पदराची गाठ पुन्हा मारली.

एकोणीस वर्षांत मला कुणी बक्षीस दिलं नव्हतं. आधी लाज वाटली, मग बरं वाटलं, फार बरं वाटलं. नोट परत करवेना आणि खिशातही घालवेना. शेवटी ती पेपरवेटखाली ठेवली. पाहुण्याची साधी पिशवीसुद्धा कधी न उचलणारा मी, त्यांचं गाठोडं खांद्यावर टाकलं, पत्र्याची पेटी हातात घेतली आणि भर बाजारातून जीपांकडं निघालो.

"ठिवा अप्पा, लोक बघतेत," त्या मागून म्हणत होत्या. मी थांबलो नाही.

सामान जीपच्या टपावर चढवलं, दोरी आवळली आणि घाम पुसत विचारलं, "फिटलं का?"

"फिटलं," भिवराबाई म्हणाल्या.

जीप गेली. परत येऊन मी पेपरवेटखालची नोट उचलली आणि खिशात घातली.