यानला हिस्सा नव्हताच

‘आपला हिस्सा विकून यान अमेरिकेला निघून गेला.’ रिपोर्टमधलं हे वाक्य वाचलं आणि माझं डोकं फिरलं. रिपोर्ट आदल्या दिवशीच टेक्सासला मेल झाला होता.

आमचं ऑफिस हुबळीजवळच्या नवनगरला. अमेरिकेतले लोक आपले पूर्वज शोधायचं काम आमच्याकडे द्यायचे. जुन्या कागदांचे स्कॅन आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर यायचं. आम्ही वंशावळ जुळवायची आणि पूर्वजांनी देश का सोडला ते लिहायचं. या नोकरीआधी मी शाळेत इतिहास शिकवत होते.

हा क्लायंट म्हणजे ऐंशी ओलांडलेले एक आजोबा. यान त्यांचे पणजोबा, बोहेमियातून म्हणजे आजच्या चेक देशातून आलेले. थोरला असून त्यानं म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडलं, असं घरात सगळे बोलत. मरण्याआधी खरं काय ते कळावं, एवढीच आजोबांची इच्छा होती.

वाक्य घातलं होतं आमच्या मालकांनी, सुरेशअण्णांनी. त्यांचं घराणं मूळचं मिरजेचं, हुबळीत कापडाचं दुकान.

“अण्णा, हे कुठनं आणलंत?”

“चार भाऊ म्हटल्यावर चार हिस्से. त्यात काय बघायचं, बाई?”

“त्या भागात वाटणी नव्हती. शेत एकाच मुलाला मिळायचं, आईबापांना त्यानंच सांभाळायचं. तसा करारच व्हायचा. बाकीच्यांनी मजुरी करायची, नाहीतर देश सोडायचा. इथं शेत धाकट्याला गेलंय. कागद तुमच्यासमोरच आहे.”

“असू दे की. फाईल क्लोज झाली. चूक कबूल केली तर पुढचं काम कोण देणार? बिडरीबाई, सोडा आता.”

“पंगतीत कुणी तुमच्या आजोबांना ‘मिरजेतनं पळून आलेले’ म्हटलं, तर तुम्ही ताटावरनं उठला होतात.”

“त्यांना भावांनी घराबाहेर काढलं होतं. ते वेगळं.”

“वेगळं कसं?”

अण्णांनी ‘बघू’ म्हणत आठवडा घालवला. शेवटी मी न विचारता माझ्या नावानं दुरुस्ती पाठवली.

आजोबांच्या मुलीचं उत्तर आलं. पहिला रिपोर्ट तिनं वडिलांना वाचून दाखवला होता. ऐकून त्यांनी यानचा फोटो भिंतीवरून काढायला लावला. दुरुस्त केलेला रिपोर्ट पोचला तेव्हा ते हयात नव्हते. फोटो तिनं परत लावला होता.

मी ते पत्र अण्णांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी मला मेमो दिला, विनापरवानगी मेल केल्याबद्दल. मला आजही त्या मेमोपेक्षा त्या आठवड्याचा राग येतो.

दुसऱ्याचे पूर्वज शोधताना आपल्या घरच्या वाटणीचा उतारा काढून बसू नये. आणि बसलोच, तर निदान चूक कळल्यावर लवकर उठावं.