कुंदाताईंचं कार्ड

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांताक्लॉजच्या दाढीवर कापूस चिकटवत होते. "ताई सकाळी गेली," त्यांचा भाऊ म्हणाला, "पंधरा दिवस हॉस्पिटलात होती." मी त्याच्याशी चक्क वाद घातला. अहो, त्या गावाला गेल्यात, तुमचं काहीतरी चुकतंय... शाळेतून निघताना त्यांनी मला तसंच तर सांगितलं होतं, "गावाक जावन येतंय गो. दाढी तेवढी पुरी कर." आमच्या मुलुंडच्या शाळेपासून ते हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. दीड महिना होऊन गेला, माझा राग अजून गेलेला नाही.

आमची शाळा विशेष मुलांची. बारा वर्षं एका वर्गात आम्ही दोघी शिकवत होतो. पहिल्या नाताळला मी हौसेने भाड्याचा सांता बोलावला. तो दारातून उडी मारून, घंटा वाजवत आत आला आणि माझी वाट लागली. विद्या बाकाखाली शिरली, स्वरूपने कान घट्ट दाबून धरले, आणखी दोघं किंचाळत सुटले. पुढच्या वर्षीपासून कुंदाताईच सांता झाल्या. एक डिसेंबरपासून रोज एक वस्तू, मुलांच्या समोर अंगावर चढवायची. आज नुसते बूट, उद्या विजार, मग कोट. दाढी सगळ्यात शेवटी, तीही प्रत्येकाने ओढून पाहिल्यावर. स्वरूपसाठी घंटेचा लोलक कापसात गुंडाळलेला. मी चिडवायचे, "सांताबाई, मज्जाच गेली ना सगळी, सरप्राइज काय उरलं?"

"सरप्राइज तुका होया. पोरांका आधी सांगूचा," त्या म्हणायच्या. या एकाच बाबतीत त्या कुणाचं ऐकत नसत. एकदा मी स्वरूपला "आई आत्ता येईल" म्हटलं आणि आई तासाने आली, तर ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

आणि तो फोन आल्यावरही मीच मुलांना सांगितलं, ताई गावाला गेल्यात, येतील. शुद्ध भित्रेपणा. आमच्या वर्गात रोज सकाळी फळ्यावर चित्रांची कार्डं लावतात. प्रार्थना, डबा, चित्रकला, त्या दिवशीच्या बाईंचा फोटो. जे संपलं त्याचं कार्ड काढून बुटांच्या एका खोक्यात टाकायचं. खोक्यावर ताईंच्या अक्षरात लिहिलंय, 'झालं'. मी ताईंचा फोटो रोज लावत राहिले आणि विद्या रोज तो काढून खोक्यात टाकत राहिली. अठरा वर्षांची ही मुलगी दिवसाला चार शब्द बोलते. "विद्या, ताई यायच्यात अजून," असं म्हणत मी कार्ड बाहेर काढायचे, ती पुन्हा टाकायची. मला वाटायचं, हट्ट करतेय, सवय मोडल्याचा राग काढतेय. एकदा मी तिचा हात जरा जोरातच धरला. त्याची लाज वाटते.

नाताळच्या सुट्टीआधीच्या दिवशी शेवटी मी सांताचे कपडे घेऊन वर्गासमोर बसले. सराव तर झालाच नव्हता, म्हणून एकेक वस्तू दाखवत सावकाश घातली. बूट, विजार, कोट. दाढी हातात घेतली आणि म्हटलं, "कुंदाताई वारल्या. आता त्या येणार नाहीत." विद्या उठली. फळ्यावरचं ताईंचं कार्ड काढून खोक्यात टाकलं, म्हणाली, "झालं." मग माझ्या मागे आली आणि दाढीची नाडी बांधू लागली.

शाळा सुटल्यावर तिच्या आईला हे कौतुकाने सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, ताई दिवाळीच्या सुट्टीत पाच-सहा वेळा घरी आल्या होत्या ना. आपला फोटो आणि एक खोका घेऊन. ताई आजारी आहे, ताई मरणार, मग ताई झालं. विद्याकडून परत परत टाकून घेतलं. पहिल्या दोन वेळा ही डोकं आपटून रडली, मग शांत झाली... मला वाटलं, तुम्हाला सांगितलंच असेल."

नाही सांगितलं. विद्याला पाच-सहा वेळा आणि मला गावाक जावन येतंय. मला कळलं असतं तर मी नाताळची तयारी सोडून हॉस्पिटलात जाऊन बसले असते, हे त्यांना माहीत होतं. एवढं समजतं मला. तरी दिवसातून दहा वेळा त्यांच्याशी मनात भांडते. बारा वर्षांत मला एवढंही ओळखलं नाही का, की फार चांगलं ओळखलं होतं?

आता रोज संध्याकाळी खोका मीच रिकामा करते. सगळी कार्डं काढते, एक तळाशी राहू देते. परवा मात्र ते हळूच पर्समध्ये टाकून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी विद्याने खोक्यात डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तळवा पुढे करून उभी राहिली. मी पर्स उघडली. तिने कार्ड घेतलं, पण टाकलं नाही. माझ्याच हातात परत दिलं आणि खोका माझ्यासमोर धरला.